सेंट थॉमस कॅथेड्रल, फोर्ट: इमारतीचा इतिहास मिळतो, मंडळीचा कुठे शोधायचा?

बोराबाजार
हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल हे मुंबईतलं पहिलं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं, चर्च. चर्चगेटला ज्याच्यामुळे नाव मिळालं ते हेच. याच्याबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात १७१८ साल, उंच मनोरा, संगमरवरी स्मारकं आणि युनेस्कोचा २००४ सालचा पुरस्कार, एवढ्यावर गाडी थांबते. दर रविवारी तिथे उपासनेला बसणारी माणसं, म्हणजे चर्चची मंडळी, कोण होती आणि ती कशी बदलत गेली, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

माझं मत असं की तीनशे वर्षांत इमारतीपेक्षा मंडळी जास्त बदलली. आधी ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर, मग लष्कर आणि आरमारवाले, मग बिशप आणि बडे सरकारी अधिकारी, आणि आज आपल्यासारखीच लोकलने येणारी माणसं. हे कधी आणि कसं झालं? मराठी बोलणारे अँग्लिकन त्या काळात कुठे जात होते?

आणि सगळ्यात आधीचं कोडं: गव्हर्नर जेरल्ड ऑंजियरने १६७०च्या दशकात बांधकाम सुरू केलं, भिंती पुरुषभर उंचीच्या वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे जवळपास चाळीस वर्षं ते तसंच पडून होतं. का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गिरगावचा_गणू
मुंबईत चाळीस वर्षं रखडलेलं बांधकाम? पुनर्विकासाची परंपरा फारच जुनी आहे म्हणायची!

सोनापूर
गणूशेठ, तेव्हाची कारणं जरा जास्त जीवघेणी होती.

ऑंजियर १६७७ साली सुरतेला वारला. त्याच्यामागे या कामाची कळकळ असलेला माणूस उरला नाही. शिवाय मुंबईत इंग्रज टिकत नव्हते. ओव्हिंग्टन नावाचा पाद्री इथे येऊन गेला, त्याने त्या काळची म्हण नोंदवून ठेवली आहे: दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. ताप, हगवण, दलदल. जी मंडळी दोन पावसाळ्यांत निम्मी होते ती वर्गणी कुठून काढणार आणि छप्पर कधी घालणार?

त्यात १६८३ साली कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट ताब्यात घेतलं. ते मिटतंय न मिटतंय तोच १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकुतखान चालून आला. माझगाव त्याने घेतलं, शिवडी घेतली, आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. किल्ल्याच्या आतच एका खोलीत उपासना होत असे. म्हणजे बोराबाजार, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पहिली चाळीस-पन्नास वर्षं मंडळी होती, इमारत नव्हती. १६६८ साली कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने बेट मिळालं तेव्हापासून १७१८पर्यंत इंग्रजांचं स्वतःचं देऊळ मुंबईत नव्हतं.

वसईवाला
इंग्रजांचं नव्हतं, एवढंच. माहीमचं सेंट मायकल त्यांच्या कितीतरी आधीचं, पोर्तुगीज काळातलं. आम्ही वसईकर आणि मुंबईतले ईस्ट इंडियन (नाव असं असलं तरी इथलेच मूळचे ख्रिस्ती) हे कॅथलिक, हे इथे सांगून ठेवतो, कारण अशा धाग्यांवर सगळ्या ख्रिस्ती लोकांची एकच मोट बांधली जाते. फोर्टाबाहेर तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून इंग्रजांनी १७६०च्या सुमारास आमचं एस्पेरान्सा चर्च पाडायला लावलं, ते भुलेश्वरला पुन्हा उभं राहिलं. इमारती बदलण्याचा इतिहास लिहिताना त्याही मंडळीची आठवण ठेवा.

अनघा_ठाणे
वसईवाला, ही नोंद महत्त्वाची आहे. धन्यवाद.

मी १७१८च्या नाताळबद्दल लिहिते, कारण त्या दिवसात मराठी माणसांनी लक्ष घालावं असं बरंच आहे.

रिचर्ड कॉब हा तरुण पाद्री १७१४ साली मुंबईत आला. अर्धवट भिंती बघून त्याने उपदेशातच विषय काढला आणि वर्गणी सुरू केली. गव्हर्नर चार्ल्स बून पाठीशी राहिला आणि काम मार्गी लागलं. पुढे म्हातारपणी कॉबने १७६६ साली या सगळ्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली, म्हणून आपल्याला इतके तपशील मिळतात.

१७१८चा नाताळ. बून नुकताच खांदेरीवर हात पोळून परतला होता. कान्होजी आंग्रेंच्या किल्लेदाराने त्याच्या आरमाराला दाद दिली नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांतच थाटामाटात चर्च उघडलं. आणि दारात कोण उभं होतं? रामा कामती, आपल्या सगळ्या जातभाईंना घेऊन. हा शेणवी व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचा प्रमुख, वाळकेश्वराचं देऊळ १७१५ साली नव्याने बांधणारा. कॉब लिहितो की उपासनेची शिस्त या लोकांना इतकी आवडली की ते शेवटपर्यंत बाहेर उभे राहून ऐकत होते.

आता पुढचं वाचा. दोनच वर्षांत, १७२० साली, त्याच बूनच्या कारकिर्दीत रामा कामतीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला. मालमत्ता जप्त झाली, जन्मठेप झाली, आणि १७२८ साली तो कैदेतच गेला. ज्या पत्रांवरून दोषी ठरवलं ती बनावट होती, हे नंतर निघालं.

चर्चच्या भिंतींवर शेकडो नावं कोरलेली आहेत. त्या पहिल्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुठे लागलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. मंडळीचा इतिहास लिहायचा तर आत बसलेले आणि बाहेर उभे राहिलेले, दोघेही त्यात हवेत.

सडेतोड_नाना
अनघाताई, माहिती उत्तम, पण मला हा कळवळाच पटत नाही. हे राज्यकर्त्यांचं देऊळ होतं. पाद्र्यांचे पगार कंपनी आणि नंतर सरकार देत होतं, म्हणजे आपल्याच महसुलातून. आतली स्मारकं आपल्याशी लढून मेलेल्यांची. जोनाथन डंकन, अमुक कॅप्टन, तमुक कर्नल. मंडळी बदलली म्हणजे काय झालं? साहेब गेले आणि इमारत रिकामी झाली, एवढंच.

चुनाविटा
नाना, रिकामी झाली असती तर एव्हाना पडली असती. जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो म्हणून सांगतो.

वापरात नसलेल्या दगडी इमारतीला मुंबईचा पावसाळा फार दिवस सोडत नाही. पन्हळ तुंबते, सांध्यात पिंपळ रुजतो, मूळ आत शिरतं आणि दगड सुटायला लागतो. कोणीतरी दर वर्षी शिडी लावून तो पिंपळ उपटावा लागतो. हे काम पुरस्कार देणारे करत नाहीत, मंडळी करते. तिची वर्गणी, तिचा शिपाई, तिची कमिटी.

आता इमारतीबद्दल. आपण आज जी बघतो ती कॉबची जशीच्या तशी नाही. १७१८चं चर्च ठेंगणं, जाड भिंतींचं. तोफगोळा पडला तरी टिकावं असं छप्पर होतं म्हणतात. १८१६ साली बिशप मिडलटन आला तेव्हा त्याचा रीतसर अभिषेक होऊन सेंट थॉमस हे नाव लागलं. १८३७ साली मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला, थॉमस कार, आणि चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. कॅथेड्रल म्हटल्यावर बुटकं घंटाघर शोभेना, म्हणून पाठोपाठ आजचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला.

मग आला १८६०च्या दशकातला कापसाचा पैसा. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत सोन्याचा धूर निघत होता. ट्रबशॉ नावाच्या वास्तुविशारदाने अख्खं कॅथेड्रल गॉथिक करून टाकायचा आराखडा केला. पूर्वेकडचा वेदीचा भाग झाला आणि १८६५ साली शेअर बाजार कोसळला. पैसा आटला, काम थांबलं. आजही आत उभं राहून बघा: सभागृहाचा भाग साधा, भरभक्कम, आणि वेदीकडे एकदम टोकदार कमानी, उंच खिडक्या, बाहेरून आधाराच्या झुकत्या भिंती. दोन काळ एकाला एक चिकटलेले सरळ दिसतात. याच घडणीने मला या इमारतीची गोडी लावली. आराखडा पूर्ण झाला असता तर कॉबचं चर्च उरलंच नसतं.

गिरगावचा_गणू
म्हणजे एकदा पैसा नव्हता म्हणून चर्च उभं राहिलं नाही, आणि एकदा पैसा गेला म्हणून चर्च वाचलं. हे मला आवडलं.

सोनापूर
नानांनी डंकनचं नाव घेतलं म्हणून. त्याचं स्मारक एकदा नीट बघा. १८११ साली वारलेला मुंबईचा गव्हर्नर. स्मारकावर दोन बाळं एक पट धरून आहेत आणि त्यावर काशी व काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं कोरलं आहे. मुलगी जन्मली की मारायची चाल बंद करण्याचं श्रेय त्याला दिलेलं आहे. काठेवाडात ती खरंच किती थांबली हा वेगळा वाद, पण सगळीच स्मारकं लढाईची नाहीत.

आणि पश्चिम दारासमोरचं कारंजं? ते कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने दिलेलं, आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा. या चर्चला आधार देणारे सगळे ख्रिस्ती नव्हतेच.

पंचहौदकर
आम्हा पुणेकरांना आमच्या पंचहौदाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. :)

गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय. फोर्टातलं कॅथेड्रल साहेबांसाठी बांधलं गेलं, पण हे पेठेत, वाड्यांच्या गर्दीत, मराठी मंडळीसाठी उभं राहिलं. अँग्लिकन संन्यासी फादरांनी १८८०च्या दशकात बांधलं. मनोरा वेगळा उभा आहे आणि त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा. त्या नुसत्या टोल देत नाहीत, दोर ओढून क्रमाने वाजवतात. एकाचा दोर अर्धा क्षण उशिरा सुटला तरी ओळ बिघडते, त्यामुळे वाजवणारे एकमेकांच्या हातांकडे बघत असतात. ही कला पेठेतल्या मराठी घरांत शिकवली गेली.

आणि चहा तर सगळ्यांना ठाऊक आहेच. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी मान राखायला नुसती उचलली. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. रानडे, टिळक, सगळे त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनी आपण काशीत घेतल्याचं सांगितलं.

अनघा_ठाणे
पंचहौदकर, त्या आवारात नीलकंठशास्त्री गोरेही वावरले ना? काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे फादर गोरे झाले. पंडिता रमाबाईंशी त्यांचा धर्मावर वाद-संवाद झाला. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला ज्या भगिनींकडे बाप्तिस्मा घेतला, त्याच भगिनी पुण्यात पंचहौदाच्या कामात होत्या. मराठी अँग्लिकनांची गोष्ट शोधायची तर ती फोर्टापेक्षा पेठेत जास्त सापडेल.

पंचहौदकर
अगदी. गोरे आणि रमाबाई दोघांचेही धागे इथे जुळतात.

शरणपूर
मी या मंडळीतला आहे म्हणून लिहितो. सगळे प्रतिसाद वाचले.

नाना, तुम्ही म्हणता साहेब गेले आणि इमारत रिकामी झाली. आमच्या घरात हे असं कोणी कधी म्हटलं नाही. माझे पणजोबा नाशिकच्या शरणपूरचे. चर्च मिशनरी सोसायटीने तिथे १८५०च्या दशकात ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत असतो, ती वस्ती माहीत नसते.

शरणपूरची माणसं नोकरीसाठी मुंबईला आली. रेल्वेत, छापखान्यात, शाळेत, दवाखान्यात. ती फोर्टातल्या कॅथेड्रलमध्ये जात नसत. त्यांची मराठी उपासना गिरगावातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये असे. प्रार्थनापुस्तक तेच, बिशप तोच, प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा) विधी तोच, पण बाकं वेगळी. ज्यांच्याबरोबर एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं त्यांच्याच शेजारी बसायचं नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांना फार लागलेलं होतं. नाना, हे शल्य तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त आहे. ते आमच्या स्वतःच्या घरातलं आहे.

बदल एका दिवसात झाला नाही. १९३० साली इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर सरकारी पाद्र्यांची व्यवस्था संपली, गोरी कुटुंबं निघून गेली, मागोमाग अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडला गेली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश मेथडिस्ट आणि अमेरिकन मिशनच्या नगरकडच्या मंडळ्या ज्या संयुक्त चर्चमध्ये होत्या ते, असे सगळे एका छत्राखाली आले. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर कॅथेड्रलची मंडळी आज नुसती अँग्लिकन राहिलेली नाही. नगरच्या मराठी परंपरेत वाढलेला माणूस आणि फोर्टातला जुना अँग्लिकन एकाच चर्चचे सभासद आहेत.

१९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी उपासनेला आले तेव्हाच्या दोन खुर्च्या तिथे जपून ठेवल्या आहेत. आलेले पाहुणे त्या दाखवा म्हणतात. मी दाखवतो आणि मग त्यांना आजचं गायनमंडळ जिथे बसतं ती बाकंही दाखवतो.

सडेतोड_नाना
शरणपूर, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला. महसुलातून पगार दिला जात होता हा माझा मुद्दा कायम आहे. पण एकच प्याला आणि वेगळी बाकं, हे आजवर कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तुम्ही हे सविस्तर लिहाच.

कुलाबाकर
उशिरा आलो. कुलाब्याचं अफगाण चर्च राहिलंच की! सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. तिथे इमारत आणि मंडळी यांचं गणित उलटं आहे. आधी गवताने शाकारलेलं छोटं प्रार्थनास्थळ होतं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ १८५८ साली मोठं चर्च झालं, मनोरा १८६५ला पूर्ण झाला, १९८ फूट, समुद्रातून जहाजांना दिसावा असा. पण ती छावणीची मंडळी. पलटणी गेल्या आणि एवढी मोठी इमारत मूठभर माणसांवर येऊन पडली. बांद्रा-गोरेगावहून तिथे रविवारी सकाळी पोचायचं म्हणजे किती सायास. चुनाविटा म्हणतात तो पिंपळ तिथे कोण उपटणार?

चुनाविटा
हाच खरा पेच आहे. फोर्टात रहिवासी उरले नाहीत, कुलाब्यात पलटणी उरल्या नाहीत. माणसं वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीला गेली आणि दगड इथे राहिले. भायखळ्याचं क्राइस्ट चर्चही १८३०च्या दशकात अशाच कारणाने झालं होतं: साहेब लोक कोटाबाहेर बंगल्यांत राहायला गेले, चर्च त्यांच्यामागे गेलं. तेव्हा नवं चर्च बांधणं परवडत होतं. आज जुनं राखणंही जड जातं. आणि कृपा करून कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा मारू नका. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात.

लेस्टरकर
मूळ प्रश्नाकडे वळतो. मंडळीचा इतिहास कुठे शोधायचा?

कंपनी आणि नंतर सरकार मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत असे. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, १७०९पासून १९४८पर्यंत. म्हणजे इमारत पुरी होण्याआधीपासून. एकोणिसाव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाणही येतं. शिपाई, गनर, कारकून, इंजिन ड्रायव्हर असं वाचत गेलं की मंडळी कशी बदलली ते पानागणिक दिसतं. किल्ल्यातली वस्ती विरळ होऊन भायखळा, परळ यायला लागतात.

पण यात एक मोठी उणीव आहे. या नकला मुख्यतः युरोपियन आणि युरेशियन (मिश्र वंशाच्या) लोकांच्या. मराठी मंडळीसाठी गिरगाव, शरणपूर, पंचहौद इथल्या स्थानिक वह्याच बघाव्या लागतील.

शरणपूर
बरोबर. आणि त्या वह्यांची अवस्था काळजी करण्यासारखी असते. लोखंडी कपाट, वाळवी, पावसाळ्यात चिकटलेली पानं. इमारतीला निधी मिळतो, वहीला कोणी विचारत नाही. मी आमच्या पाळकसाहेबांशी आणि कमिटीशी बोलून ठेवतो. परवानगी मिळाली तर पानं फोटो काढून ठेवता येतील. मोडी आणि जुनं बाळबोध वाचणारं कोणी आहे का?

अनघा_ठाणे
मोडी मी वाचते. शनिवार-रविवार मोकळी असते. निरोप पाठवा.

पंचहौदकर
पुण्याकडचं मी विचारतो. घंटा वाजवणाऱ्या जुन्या घरांतल्या आजोबांकडून तोंडी आठवणीही घ्यायला हव्यात, ते वह्यांत मिळणार नाही.

बोराबाजार
सगळ्यांचे मनापासून आभार. रामा कामती आणि गिरगावची बाकं, या दोन गोष्टींसाठी तरी हा धागा काढला ते बरं झालं.

शरणपूर, परवानगीचं कळलं की इथेच लिहा. कॅमेरा आणि तिपाई माझी. चुनाविटा, चिकटलेली पानं कशी सोडवायची ते सांगणारं कोणी तुमच्या ओळखीत आहे का?

चुनाविटा
आहे. कागद-संवर्धन करणाऱ्या एक बाई आहेत, विचारतो. तोवर कोणीही पानं ओढून सोडवू नका आणि वह्या उन्हात तर मुळीच ठेवू नका.